पेन्सिलीला पैकीच्या पैकी

आमची दोन्ही मुलं कीबोर्ड वाजवायला घरीच, कॉम्प्युटरसमोर बसून शिकली, असं मी मागे एका उत्तरात ओझरतं लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. आधीच सांगते, मी संगीतशिक्षिका नाही. माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची. दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्रॅममध्ये दिवसभर खोड्या काढायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा. मुलांच्या कीबोर्डकडेही मी त्याच नजरेने पाहिलं, त्यामुळे उत्तरं थोडी खडूस वाटली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. घरात कुणालाच संगीत येत नाही. सा म्हणजे कुठली पट्टी, हे मला स्वतःलाही ठाऊक नाही. नुसत्या सॉफ्टवेअरवर ती शिकेल का?

उत्तर : नुसत्या सॉफ्टवेअरवर नाही शिकणार. सॉफ्टवेअर आणि त्याच्या शेजारी तुम्ही, असं असेल तर शिकेल. तुम्हीही शिकाल.

थोरली सहा वर्षांची असताना मी एक उद्योग केला. ती झोपल्यावर तिचाच धडा उघडला आणि पेन्सिलीच्या खोडरबराच्या टोकाने एकेक पट्टी दाबत तो वाजवला. शंभरपैकी शंभर! वर तीन तारे आणि टाळ्यांचा कडकडाट. सॉफ्टवेअरला दिसतं ते एवढंच : कोणती पट्टी खाली गेली, केव्हा गेली, केव्हा वर आली आणि कीबोर्ड बरा असेल तर किती जोरात गेली. ती बोटाने दाबली की पेन्सिलीने, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुसऱ्या दिवशी मी थोरलीकडे नीट निरखून पाहिलं, तर ती अख्खा धडा एकट्या तर्जनीने वाजवत होती. तीन आठवडे असंच चाललं होतं. आणि मी रोज स्वयंपाकघरातून टाळ्या ऐकून खूश होत होते.

तेव्हापासून आमच्याकडे कामाची वाटणी ठरली. पट्टी बरोबर की चूक, वेळेवर की उशिरा, हे मशीनकडे. त्यात ते आपल्यापेक्षा तरबेज आहे, त्याला कंटाळा येत नाही आणि ते डाफरत नाही. हात, बसणं आणि ऐकणं आपल्याकडे. यासाठी संगीत यावं लागत नाही, डोळे पुरतात. कोपर साधारण पट्ट्यांच्या उंचीला आहे का ते पाहा. मोठ्यांच्या टेबलावर कीबोर्ड ठेवला की लहान मुलांचे खांदे कानाला टेकतात. मग खुर्चीवर उशी घाला. उशी घातली की पाय लोंबकळतात, म्हणून पायाखाली एखादं भक्कम खोकं द्या. पाय अधांतरी असले की मूल सारखं चुळबुळतं, आणि आपण म्हणतो त्याचं लक्ष नाही. बोटं छोटा चेंडू मुठीत हलकेच धरल्यासारखी गोलसर हवीत. मनगट पट्ट्यांच्या खाली लोंबायला नको. बोटांना आकडे असतात : अंगठा १, करंगळी ५, दोन्ही हातांना तेच. धड्यात सुरावर ३ लिहिलं असेल तर मधलं बोट, एवढं बघत बसलात तरी निम्मं काम झालं.

शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) या जपानी व्हायोलिनवादकांचं म्हणणं असं की मूल मातृभाषा जशी ऐकून ऐकून उचलतं, तसंच वाद्यही उचलतं. त्यांच्या पद्धतीत आई किंवा वडील आधी स्वतः थोडं वाजवायला शिकतात आणि मुलाच्या धड्याला हजर राहतात. मी सगळी पद्धत काही पाळली नाही, पण एवढं मात्र उचललं : कायम मुलीच्या एक धडा पुढे राहायचं. रात्री हेडफोन लावून पंधरा मिनिटं. तुमच्यासारखीच मीही शून्यातून सुरुवात केली होती. आईलाही डावा हात जमत नाही हे पाहून मुलीला जो आनंद झाला, तो कुठल्याही ताऱ्याने झाला नसता.

पहिले आठ-दहा दिवस सॉफ्टवेअर उघडूच नका. कीबोर्डकडे पाहा : काळ्या पट्ट्या दोन-दोन आणि तीन-तीनच्या गटात असतात. मुलीला दोनांचं घर आणि तीनांचं घर शोधायला लावा, डावीकडून उजवीकडे, मग डोळे मिटून नुसतं चाचपून. दोनांच्या घराच्या डाव्या दाराशी जी पांढरी पट्टी असते ती इंग्रजी नावाने सी, म्हणजेच आपली पांढरी एक. तिथून उजवीकडे पांढऱ्या वेगळ्या आणि काळ्या वेगळ्या मोजायच्या : पांढरी दोन, पांढरी तीन, तशाच काळी एक, काळी दोन. तुमचा सा सुरुवातीला तिथेच समजा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे दोन दिवसांत येतं आणि ते जन्मभर पुरतं.

पट्ट्यांवर नावांचे स्टिकर लावू का, असं पुढे विचाराल, म्हणून आत्ताच सांगते. आम्ही सगळ्या पट्ट्यांवर लावले होते. थोरली सूर नव्हे, स्टिकर वाजवायला शिकली. एक निघून पडला तर तिला ती पट्टीच सापडेना. धाकट्याच्या वेळी फक्त सी आणि जी (म्हणजे पांढरी पाच) या दोन पट्ट्यांवर लावले. महिन्याभराने जीचा काढला, त्यानंतर सीचा. काढल्यावर चिकट डाग उरतो, तो ओलसर फडक्याने पुसा. कीबोर्डवर थेट काही ओतू नका.

वेळेचं म्हणाल तर दहा-बारा मिनिटं, जमल्यास दिवसातून दोनदा. रविवारी एकदम तासभर बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. त्यातली निम्मी मिनिटं पडदा बंद. घरात आणखी लहान मूल असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना लक्षात असू द्या : २ ते ४ वर्षांच्या मुलांनी बसल्या जागी पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासाच्या वर जाऊ नये, त्याहून कमी तर उत्तमच. कीबोर्डचा धडा शैक्षणिक असला तरी तो त्याच तासातून वजा होतो. आमच्याकडे यावरून बराच वाद झाला. धाकट्याचं म्हणणं होतं की बोटं हलतात, म्हणजे हा व्यायाम आहे.

सुरुवातीला नुसतं खेळून बघायला जीकाँप्री हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. २ ते १० वर्षांच्या मुलांसाठीच्या छोट्या छोट्या खेळांचा तो संच आहे. त्यात पियानो वाजवणं, पाश्चात्त्य पद्धतीने पाच रेघांवर लिहिलेले सूर ओळखणं, ताल वाजवून दाखवणं असे खेळ आहेत. नाव फ्रेंच आहे. उच्चारलं की ‘मला समजलं’ असा अर्थ होतो. त्यावर महिनाभर रमली तर पुढचं बघा.

प्रश्न : वेगळा कीबोर्ड न घेता टॅबलेटच्या काचेवरच शिकवलं तर चालेल का? किंवा कॉम्प्युटरच्या टायपिंगच्या कळांवर? आणि घ्यायचाच झाला तर किती पट्ट्यांचा?

उत्तर : आठवडाभर गंमत म्हणून काच चालेल. पण काचेवर बोटाला पट्टीची कड लागत नाही, त्यामुळे न बघता वाजवणं कधीच येत नाही. टायपिंगच्या कळांना जोर कळत नाही. शिवाय टायपिंगच्या बऱ्याच साध्या कीबोर्डांवर काही ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या की तिसरी पोहोचतच नाही. मुलाने तीन सुरांचा मेळ बरोबर दाबलेला असतो आणि वाजतात दोनच.

पट्ट्यांचं म्हणाल तर पियानोला ८८ असतात. घरच्या कीबोर्डला बहुधा ६१, म्हणजे पाच सप्तकं. लहान मुलाला पहिली दोन-तीन वर्षं ४९ सुद्धा पुरतात. आकड्यापेक्षा दोन गोष्टी पाहा. एक, पट्ट्या पूर्ण रुंदीच्या हव्यात. पियानोवर एक सप्तक साधारण साडेसोळा सेंटिमीटर रुंद असतं. खेळण्यातल्या कीबोर्डवर ते अरुंद असतं, आणि त्यावर बसलेली हाताची सवय मोठ्या वाद्यावर पुन्हा मोडावी लागते. दुसरी गोष्ट, पट्टी हळू दाबली तर आवाज हळू, जोरात दाबली तर मोठा यायला हवा. हे नसेल तर मूल सगळं एकाच आवाजात बडवायला शिकतं. आणि मागे यूएसबीचं भोक आहे ना, ते पाहून घ्या. का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : आमच्याकडे कीबोर्डही आहे आणि सॉफ्टवेअरही, पण दोघांचं पटत नाही. टॅबलेट शेजारी ठेवून मायक्रोफोनने ऐकवलं तर ते बरोबर सुरांना चूक म्हणतं. वायर जोडली तर दोन-दोन आवाज येतात. ब्लूटूथ हेडफोन लावला तर आवाज उशिरा येतो. मुलगा सात वर्षांचा आहे, तो आता बसायलाच तयार नाही. मी त्याला दोष देऊ शकत नाही.

उत्तर : तीन रोग आहेत आणि तिन्ही वेगवेगळे. एकेक घेऊ.

मायक्रोफोनचं आधी. कुठलाही सूर एकटा येत नाही. सेकंदाला २२० कंपनांचा सूर वाजला की त्याच्यासोबत ४४०, ६६० अशी त्याची पिल्लावळही वाजते. त्यामुळेच तर कीबोर्डचा आवाज आणि शिट्टीचा आवाज वेगळे लागतात. या गर्दीतून मूळ सूर कोणता, हे सॉफ्टवेअरला अंदाजाने ठरवावं लागतं. एकेक सूर असेल तर बहुतेक वेळा जमतं. दोन्ही हात आले, त्यात पंखा, टीव्ही आणि कुणाची तरी फोनवरची गप्पाष्टकं मिसळली, की त्याचा गोंधळ उडतो. खालच्या सप्तकातला सूर वरचा समजणं ही तर नेहमीची चूक.

म्हणून वायर. मागच्या यूएसबीतून जे जातं त्याला मिडी म्हणतात, आणि लक्षात घ्या, त्यातून आवाज जातच नाही. जातो तो निरोप : ६० नंबरची पट्टी खाली गेली, जोर १२७ पैकी ८०, आता सुटली. ६० म्हणजे मधला सी, कीबोर्डच्या साधारण मध्यावरचा. पंखा लावा नाहीतर ढोल वाजवा, निरोप बदलत नाही. ही भाषा १९८३ पासून चालू आहे. त्या वर्षी जानेवारीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडून दाखवले होते; एकावर वाजवलं की दुसरा बोलायचा. चाळीसहून अधिक वर्षं टिकलेलं आणि अजूनही रोज वापरात असलेलं तंत्र आमच्या धंद्यात विरळाच. मला त्याबद्दल फार आदर आहे, आणि घरात तो कुणालाच समजत नाही.

आता दोन-दोन आवाज. तुमच्या कीबोर्डला स्वतःचा गळा आहे आणि निरोप मिळाला की सॉफ्टवेअरही गातं. त्यामुळे एका पट्टीला दोघे बोलतात आणि दुसरा किंचित मागे राहतो. एकाला गप्प करा. सगळ्यात सोपं म्हणजे सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ‘मी वाजवलेले सूर ऐकव’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तो बंद करा. साथीचं संगीत चालू राहू द्या. उलटं हवं असेल तर कीबोर्डच्या मेनूत लोकल कंट्रोल नावाचं काहीतरी सापडेल, ते ऑफ केलं की कीबोर्ड नुसता निरोप्या बनतो. पण मग धडा संपल्यावर ते परत ऑन करायला विसरू नका. नाहीतर दुसऱ्या दिवशी कीबोर्ड मुका, आणि घरातलं प्रत्येकजण वायरी उपसत बसलेलं. हे आमच्याकडे दोनदा झालं.

उशीर. ब्लूटूथ हेडफोन आधी बाजूला ठेवा. त्यात आवाज बांधून, हवेतून पाठवून, पलीकडे सोडवावा लागतो. त्यात १०० ते २०० मिलिसेकंद सहज जातात. गाणं ऐकताना हे कळत नाही. वाजवताना मात्र बोट आधी आणि आवाज मागून, असं होतं, आणि मूल आवाजाची वाट बघत आणखी हळू होत जातं. त्यापेक्षा वायरीचा हेडफोन थेट कीबोर्डलाच लावा. आवाजाची मात्रा तुम्ही स्वतः कानाला लावून ठरवा. लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित मानलेली मर्यादा ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. घरात मोजणार कसं? मी साधा नियम केला होता : हेडफोन लावलेला असताना मी हाताच्या अंतरावरून साध्या आवाजात हाक मारली की मुलाला ऐकू आली पाहिजे.

आवाज कॉम्प्युटरमधूनच हवा असेल तर ध्वनीच्या सेटिंगमध्ये बफर नावाचा आकडा असतो. कॉम्प्युटर आवाजाचे तुकडे साठवून मग एकदम सोडतो; तो साठा केवढा, ते या आकड्यावरून ठरतं. सेकंदाला ४४,१०० तुकडे धरले तर २०४८ च्या बफरला सुमारे ४६ मिलिसेकंद लागतात, २५६ ला जेमतेम ६. आकडा कमी करत जा. चरचर ऐकू यायला लागली की एक पायरी मागे या. दहा मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर खपून जातो. साडेतीन मीटरवरच्या स्पीकरचा आवाज हवेतून आपल्यापर्यंत यायलाही तेवढाच वेळ लागतो.

हे सगळं मुलाला समोर बसवून करू नका. तो झोपल्यावर करा, स्वतः वाजवून बघा, आणि मग एक दिवस काही न बोलता नुसतं चालू करून ठेवा. त्याचा रुसवा कीबोर्डवर नाही, तुमच्या वायरींच्या खटपटीवर आहे.

प्रश्न : मी आजोबा. चाळीस वर्षं हार्मोनियम वाजवतो, हौशी. नात सात वर्षांची. पडद्यावर वरून रंगीत पट्ट्या पडतात आणि ती त्या बरहुकूम खटाखट वाजवते. गुण ९८ टक्के. पण पडदा बंद केला की चार सूर वाजवता येत नाहीत. शिवाय मी सा म्हणतो, ते यंत्र सी म्हणतं. सूनबाई म्हणतात, बाबा, तिचा गोंधळ करू नका. गोंधळ माझा की यंत्राचा?

उत्तर : काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमच्यासारखा माणूस घरात असताना ९८ टक्क्यांवर समाधान मानायचं म्हणजे विहिरीकाठी राहून टँकर मागवण्यासारखं आहे.

पडणाऱ्या पट्ट्यांचं आधी बोलू. तो खेळ नेमबाजीचा आहे. पट्टी जिथे पडेल तिथे बोट न्यायचं. पुढचा सूर काय येणार याचा विचार करायची गरजच पडत नाही, मग लक्षात तरी काय राहणार? शिवाय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एक थांबण्याची सोय असते : बरोबर पट्टी दाबेपर्यंत गाणं पुढे सरकत नाही. पहिल्या दिवशी ती देवासारखी वाटते. दहाव्या दिवशी मूल अंदाजाने चार पट्ट्या चाचपून पाचवी दाबतं, गाणं सरकतं, आणि ताल नावाची गोष्ट उरतच नाही. काही सॉफ्टवेअर अशा वाजवण्यालाही चांगले गुण देतात. धाकट्याची एक ‘पूर्ण झालेली’ धून मी मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवली. तो म्हणाला, हे कोण वाजवतंय?

पडणाऱ्या पट्ट्या एकदम बंद करू नका, भांडण होईल. आम्ही असं केलं : नव्या धुनीचा तेवढा चार मात्रांचा तुकडा निवडायचा. आधी सॉफ्टवेअरला वाजवायला लावून नुसता ऐकायचा, तीनदा, हात मांडीवर. मग तो गायचा. इथे तुम्ही हवेत, काका, कारण सॉफ्टवेअरला गाता येत नाही. मग थांबण्याची सोय बंद करून, वेग साठ टक्क्यांवर आणून, एका हाताने वाजवायचा. चुकला तरी गाणं पुढे जातं, जाऊ द्यायचं. आणि शेवटी पडद्यावर टॉवेल टाकून तोच तुकडा. टॉवेलखाली जेवढं वाजलं तेवढंच त्या दिवसाचं खरं. आमच्याकडे ‘टॉवेल झाला का?’ हाच गृहपाठाचा प्रश्न होता. ९८ टक्के वगैरे मी बघणंच सोडलं.

टॉवेलची सवय झाली की पडणाऱ्या पट्ट्यांऐवजी पाच रेघांवरचं लेखन दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळा. पियानोबूस्टर मोफत आहे, त्यात सूर रेघांवरून सरकत येतात. म्यूझस्कोरही मोफत, त्यात धून आपण स्वतः लिहायची, हव्या तेवढ्या मोठ्या अक्षरात छापायची आणि हव्या त्या वेगाने ऐकायची. सुराच्या टिंबात त्याचं नाव लिहून येण्याचीही सोय आहे. नातीने रचलेल्या चार ओळी तुम्ही दोघांनी बसून त्यात लिहिल्या, तर मला फार आनंद होईल.

आता सा आणि सी. गोंधळ तुमचाही नाही आणि यंत्राचाही नाही. सी हा घरनंबर आहे, तो हलत नाही. सा हे नातं आहे. आजोबा कोणत्याही घरी राहायला गेले तरी आजोबाच. तुम्ही काळी एकला सा धरता, दुसरा कुणी पांढरी चारला, आणि गाणं तेच राहतं. पाश्चात्त्यांतही हे दोन पंथ आहेत. फ्रान्स-इटलीत दो म्हणजे कायम सीच. उलट हंगेरीच्या झोल्तान कोडाय यांच्या विचारातून घडलेल्या शिक्षणपद्धतीत दो तुमच्या सासारखा फिरता असतो. मुलांना दोन्ही नावं पचतात. दोन भाषांच्या घरात वाढलेलं मूल पाण्याला दोन शब्द वापरतं, तहान एकच असते.

पहिले काही महिने सा पांढरी एकवरच ठेवा, म्हणजे यंत्राशी तंटा नको. मग एके दिवशी सॉफ्टवेअर बंद करून सा पांढरी पाचवर न्या आणि तिला म्हणा, आता इथून सरगम वाजव, फक्त पांढऱ्यांवर. सा रे ग म प ध ठीक जाईल. नी आला की तिचा चेहरा पाहा. कोमल नी, म्हणजे नेहमीपेक्षा एक पायरी उतरलेला, लागेल, आणि इतके महिने शुद्ध ऐकलेल्या कानाला तो खटकेल. सांगू नका. तिला शोधू द्या. शेजारची काळी तीन सापडली की ती तुमच्याकडे जशी बघेल, त्यासाठी तरी हे करा. हा धडा मी पाहिलेल्या एकाही सॉफ्टवेअरमध्ये असा नाही. तिथे काळी पट्टी आधीच रंगवून दाखवतात.

सूनबाईंना माझा नमस्कार सांगा. गोंधळाची त्यांची भीती खरी आहे, पण ती दोन नावं एकाच दिवशी, एकाच धड्यात कोंबली तरच. यंत्राच्या धड्यात सी, आजोबांच्या मांडीवर सा, एवढी शिस्त पाळा.

प्रश्न : लाल खूण दिसली की माझा सहा वर्षांचा मुलगा रडतो. मोठी बहीण बाजूला बसून ‘मला तीन तारे’ म्हणते. काय करू?

उत्तर : दोघांची खाती वेगळी करा आणि गुण दिसण्याची सोय बंद करा, पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये ती बंद होते. होत नसेल तर पडद्याच्या त्या कोपऱ्यावर कागद चिकटवा, मी तेच केलं होतं. लाल खूण म्हणजे मूल चुकलं असंही नाही. सूर थोडा लवकर दाबला तरी लाल दिसते. सेटिंगमध्ये वेळेची सूट वाढवता येत असेल तर वाढवा. आणि ताईला काम द्या : डाव्या हाताचे दोन सूर तिने धरायचे, उजवा हात त्याचा. आपला भाऊ चुकला की आपलीही धून बिघडते, हे कळल्यावर ती तारे मोजणार नाही, त्याला आकडे मोजून देईल. भांडणं थांबतील असं म्हणत नाही. विषय बदलेल.

प्रश्न : मी आठ वर्षांचा आहे. माझं अ‍ॅप मला प्रत्येक सूर चूक म्हणतं. परवा बरोबर म्हणत होतं. मी तेच वाजवतो. आई म्हणते तू गडबड करतोस. मी गडबड करत नाही.

उत्तर : मित्रा, तू गडबड करत नाहीस. मी चुका शोधायचंच काम करते, म्हणून सांगते : एखाददुसरा सूर चुकला असता तर मी तुझ्यावर संशय घेतला असता. परवापर्यंत बरोबर आणि आज सगळेच्या सगळे चूक, म्हणजे काहीतरी एकच गोष्ट हलली आहे.

तुझ्या कीबोर्डवर ट्रान्सपोज नावाचं बटण असेल. त्याने सगळे सूर एकदम वर किंवा खाली सरकतात. गाणाऱ्याच्या पट्टीशी जुळवून घ्यायला ते असतं. ते +१ वर असेल तर तू पांढरी एक दाबतोस, पण वाजते काळी एक. अ‍ॅप कानाने ऐकतं, त्याला तुझं बोट दिसत नाही. म्हणून ते चूक म्हणतं. तू वायर लावली असशील तरी काही कीबोर्ड वायरीतून सरकवलेलाच आकडा पाठवतात.

ट्रान्सपोजचं बटण दाब आणि छोट्या पडद्यावर ० येईपर्यंत + किंवा − करत राहा. बटण सापडत नसेल तर कीबोर्ड बंद करून परत चालू कर, बरेचसे कीबोर्ड त्याने शून्यावर येतात. मग मधला सी दाबून अ‍ॅप काय म्हणतं ते बघ.

आकडा किती होता, ते मला नक्की कळव. आमच्याकडे +३ निघाला होता. तीन दिवस मी माझ्या मुलाला ‘लक्ष दे, लक्ष दे’ म्हणत होते, आणि ते बटण धूळ पुसताना मीच दाबलं होतं. एवढं आईला मोठ्याने वाचून दाखव.